एक चित्रकार, एक पुस्तक आणि आपला ग्रुप फोटो
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर. त्या दिवशी पडद्यावर दाखवलेली चित्रं इथे छापणं शक्य नसल्यामुळे त्यांचं थोडं वर्णन वाढवलं आहे.)



कट्ट्यावर मी आतापर्यंत दोनदा बोललो. एकदा मृत्युपत्र कसं करावं यावर आणि एकदा बँकेतल्या नॉमिनेशनवर. दोन्ही वेळा निम्मी मंडळी झोपली होती आणि उरलेली निम्मी नंतर घरी येऊन फॉर्म भरून घेऊन गेली. त्यामुळे आजचा विषय ऐकून सेक्रेटरीसाहेबांनी मला दोनदा फोन केला. "काका, रशियन चित्रकार? नक्की ना?" म्हटलं, नक्की. का, ते शेवटी सांगतो. त्याचा संबंध आपल्या रौप्यमहोत्सवाशीच आहे.

मला चित्रकलेतलं काही कळत नाही, हे आधीच कबूल करतो. फोटोचा नाद मात्र होता. नोकरी लागल्यावर तिसऱ्या पगारात मी आग्फा क्लिक थ्री घेतला होता. एका रोलमध्ये बारा फोटो. त्यातले तीन हललेले, दोनांत माझं बोट. आपल्या सोसायटीचे सुरुवातीचे बरेचसे फोटो मीच काढलेत, अर्थात तोपर्यंत कॅमेरा बदलला होता. आणि रशिया म्हणाल, तर आमच्या पिढीला रशिया भेटला तो गुळगुळीत कागदाच्या मासिकांतून. 'सोव्हिएत देश' घरी यायचं ते वाचायला कमी आणि वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायला जास्त. ट्रॅक्टरवर बसून हसणाऱ्या बाया माझ्या अंकगणिताच्या पुस्तकावर वर्षभर हसत असायच्या. तो कागद, ते फोटो, ती मांडणी कोणीतरी विचार करून ठरवलेली असते, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

माझी नात उपयोजित कला शिकते. मागच्या वर्षी तिला एका कलावंतावर प्रकल्प करायचा होता. तिने निवडला अलेक्सांद्र रॉदचेन्को. नाव मला चार दिवस पाठ करावं लागलं. रोज रात्री जेवणानंतर ती लॅपटॉपवर चित्रं दाखवायची आणि मी ऐकायचो. तिचं काम संपलं, तिला मार्क मिळाले, पण तो माणूस माझ्या डोक्यातून जाईना.

जन्म १८९१ सालचा, सेंट पीटर्सबर्गचा. वडील एका थिएटरात कामाला. रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू बनवायच्या, सांभाळायच्या, हे त्यांचं काम. आई कपडे धुण्याचं काम करायची. म्हणजे घर आपल्या चाळीतल्यासारखंच. पुढे कुटुंब कझानला गेलं. मुलाने दातांच्या कवळ्या बनवण्याचं काम शिकावं, चार पैसे मिळवावेत अशी घरच्यांची इच्छा. काही काळ तो ते शिकलाही. पण मन लागेना. १९१० साली त्याने कझानच्या कलाशाळेत नाव घातलं. तिथेच त्याला वार्वारा स्तेपानोवा भेटली, तीही चित्रकार. पुढे आयुष्यभर दोघं एकत्र राहिली, एकत्र काम करत राहिली. माझ्या मते या माणसाच्या निम्म्या कामावर तिचा हात आहे. आपल्याकडे कसं, दुकानाच्या पाटीवर नाव यजमानांचं आणि हिशेब ठेवणार बाई, तसंच काहीसं.

मॉस्कोला आल्यावर तो कंपास आणि पट्टी घेऊन चित्रं काढू लागला. झाड नाही, माणूस नाही, नुसत्या रेषा आणि वर्तुळं. मग क्रांती झाली. या तरुण मंडळींना वाटलं, आता सगळं नवं होणार, तर चित्र जुनं कशाला? १९२१ साली मॉस्कोत एक प्रदर्शन भरलं. पाच कलावंत, प्रत्येकाची पाच कामं, म्हणून नावच 'पाच गुणिले पाच पंचवीस'. त्यात रॉदचेन्कोने तीन कॅनव्हास ठेवले. एक पूर्ण लाल, एक पूर्ण पिवळा, एक पूर्ण निळा. बस. तिन्ही मूळ रंग झाले, आता चित्रकलेत सांगण्यासारखं काही उरलं नाही, असं त्याचं म्हणणं. आणि त्याने चित्रं काढणं सोडून दिलं.

मी नातीला म्हटलं, असे कॅनव्हास आपला भिंत रंगवणाराही दिवसाला चार करील. ती म्हणाली, "आजोबा, त्याला तेच तर हवं होतं!" तिचं मला पूर्ण पटलं नाही, पण मुद्दा लक्षात आला. चित्र एका श्रीमंताच्या दिवाणखान्यात टांगण्यापेक्षा रोजच्या वापरातल्या वस्तू चांगल्या करा, असं त्या मंडळींचं म्हणणं होतं. खुर्ची, कपडे, बिस्किटाचा पुडा, पोस्टर आणि पुस्तक.

इथून पुढचं मला जास्त आवडलं.

१९२३ साली कवी मायकोव्स्कीची एक दीर्घ कविता पुस्तकरूपाने निघाली. प्रेमाचीच कविता. ती जिच्यासाठी होती त्या लील्या ब्रिकचा चेहरा रॉदचेन्कोने मुखपृष्ठावर छापला. हातांनी काढलेलं चित्र नाही, सरळ फोटो. डोळे मोठे करून ती थेट वाचणाऱ्याकडे बघते. आत तर आणखी गंमत. वेगवेगळे फोटो कात्रीने कापून, एकमेकांवर चिकटवून केलेली चित्रं. टेलिफोनवर माणूस, घरांच्या वर जनावर, कुठे पूल. कॉम्प्युटर नाही, काही नाही. कात्री आणि गोंद. आज आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर दिवाळीच्या शुभेच्छांबरोबर जे कापून-जोडून केलेले फोटो येतात, त्यांचे पणजोबा हे. आता पणतवंडं बिघडली, त्याला पणजोबा काय करणार!

मायकोव्स्की आणि रॉदचेन्को या जोडीने जाहिरातीही खूप केल्या. कवीने दोन ओळी लिहायच्या, याने अक्षरं आणि रंग मांडायचे. सरकारी दुकानं, बिस्किटं, सिगारेटी, एवढंच काय, तान्ह्या बाळांच्या रबरी चोखण्यासुद्धा. पुस्तकांची ती प्रसिद्ध जाहिरात तुम्ही पाहिली असेल. पुन्हा लील्या ब्रिकच, डोक्याला रुमाल, तोंडाशी हात धरून ओरडते आहे आणि तिच्या तोंडातून त्रिकोणी भोंग्यासारखी अक्षरं बाहेर पडतात. १९२४ सालचं काम आहे. आजही कुठल्या ना कुठल्या सिनेमाच्या पोस्टरवर त्याची नक्कल दिसते.

दुसऱ्यांनी काढलेले फोटो कापता-कापता त्याला वाटलं, हवा तसा फोटो मिळत नाही, तर आपणच काढावा. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी कॅमेरा हातात घेतला. सुरुवातीच्या फोटोंत त्याच्या आईचा एक आहे. डोक्याला ठिपक्यांचा रुमाल, कपाळावर आठ्या, आणि चष्मा घातलेला नाही, हातात धरून त्याची एकच काच डोळ्याला लावून ती काहीतरी वाचते आहे. मंडळी, माझी आई रेशनकार्ड अस्संच वाचायची. हा फोटो बघताना मला रशिया-बिशिया काही आठवला नाही.

आणि दुसरा फोटो, खास आपल्यासाठी. तो राहायचा मॉस्कोच्या म्यासनित्स्काया रस्त्यावरच्या एका इमारतीत. १९२५ साली त्याने स्वतःच्याच इमारतीचे फोटो काढले. समोर उभं राहून नाही. भिंतीला अगदी चिकटून, कॅमेरा सरळ वर करून. बाल्कन्या एकावर एक, जणू शिडीच्या पायऱ्या. दुसऱ्या एका फोटोत बाहेरच्या लोखंडी जिन्याने एक माणूस वर चढतो आहे. त्याचं म्हणणं असं की, आपण सगळेजण पोटाच्या उंचीवरून जग बघतो, कारण जुना कॅमेरा पोटाशी धरायचा असायचा. जरा वरून बघा, खालून बघा. हे वाचलं त्या दिवशी संध्याकाळी मी बी विंगच्या खाली भिंतीला टेकून वर बघत उभा राहिलो. वॉचमनने विचारलं, "काका, प्लास्टर पडतंय का?" पडत नव्हतं, पण तीनशे दोनच्या बाल्कनीखाली ओल दिसली, ती समितीला कळवली. म्हणजे कलेचा उपयोग होतो.

१९२८ साली त्याने लायका घेतला आणि त्याच वर्षी त्याच्यावर पहिला घाव बसला. एका फोटोविषयक मासिकात निनावी पत्र छापून आलं. याचे फोटो परदेशी छायाचित्रकारांची चोरी आहे, म्हणून. शेजारी-शेजारी फोटो छापून तुलना केलेली. निनावी पत्राचा अनुभव आपल्याला आहेच. बँकेत तर मी अशा पत्रांची वेगळी फाइल ठेवायचो. पण तिकडे पत्रावर प्रकरण थांबत नसे. हळूहळू 'हा नुसता आकाराच्या मागे आहे, याला जनतेशी देणंघेणं नाही' असं म्हटलं जाऊ लागलं. खालून काढलेला एका मुलीचा चेहरा वाकडा का, ती समोर का बघत नाही, यावर टीका झाली. १९३० साली मायकोव्स्कीने स्वतःवर गोळी झाडून घेतली. रॉदचेन्को ज्या गटात होता त्याच गटाने त्याला बाहेर काढलं.

मग १९३३ साली तो गेला श्वेत समुद्र ते बाल्टिक या कालव्याचे फोटो काढायला. २२७ किलोमीटरचा कालवा. खणला कैद्यांनी, बऱ्याच अंशी कुदळ-फावड्याने, उत्तरेच्या थंडीत, दोन वर्षांच्या आत. त्यात हजारो माणसं मेली. रॉदचेन्कोने तिथे भरपूर फोटो काढले आणि एका मोठ्या सचित्र मासिकाचा अख्खा अंक मांडला. एका फोटोत कैदी काम करतायत आणि वरच्या बाजूला बॅंड वाजतो आहे. फोटो म्हणून पाहिलं तर उत्तम. नजर हलत नाही. पुढे त्याने लिहिलं की, या कामाने माणसं सुधारतात हे पाहून आपण भारावलो. त्याला हे खरंच वाटत होतं की वाटून घ्यावं लागत होतं? नातीला मी हे विचारलं. ती म्हणाली, प्रकल्पात मी दोन्ही शक्यता लिहिल्यात. बरं केलं.

आता ज्या पुस्तकासाठी मी हा सगळा प्रपंच मांडला, त्याकडे येतो.

१९३४ साली उझबेकिस्तानच्या दहा वर्षांच्या प्रगतीवर एक मोठं सरकारी पुस्तक निघालं. एका अर्थी स्मरणिकाच. मांडणी रॉदचेन्को आणि स्तेपानोवा यांची. मोठा आकार, कापसाची शेतं, कारखाने, आणि पानापानावर पुढाऱ्यांचे फोटो. काम सुरेख झालं. तीनच वर्षांनी, १९३७ साली, स्तालिनने उझबेकिस्तानचं सगळं नेतृत्व उडवलं. ज्यांचे पानभर फोटो होते ते फैजुल्ला खोजायेव, अकमल इक्रामोव यांच्यासारखे लोक पकडले गेले, १९३८ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या. ही माणसं एका रात्रीत 'जनतेचे शत्रू' झाली. त्यांचे फोटो घरात सापडणं हाही गुन्हा.

आणि रॉदचेन्कोच्या घरात तर ते पुस्तक होतं. त्याने स्वतः केलेलं.

त्याने काय केलं? फेकलं नाही. जाळलं नाही. काळी शाई घेतली आणि त्या माणसांचे चेहरे झाकून टाकले. कोट तसाच, कोटावरची बटणं तशीच, खाली छातीवरची पदकं तशीच. चेहऱ्याच्या जागी काळा गोळा. पान उलटा, पुन्हा एक. १९८४ साली डेव्हिड किंग नावाचे इंग्रज संग्राहक मॉस्कोला रॉदचेन्कोच्या जुन्या घरी गेले, तेव्हा कपाटात त्यांना ही प्रत सापडली. १९९७ साली त्यांनी या विषयावर पुस्तक काढलं. स्तालिनच्या काळात सरकारी फोटोंतून माणसं कशी एकेक करून नाहीशी केली गेली, त्याचं ते पुस्तक. त्यात ही पानं आहेत. नातीने त्यातलं एक पान पडद्यावर लावलं आणि मी तिला म्हटलं, जरा थांब, पुढे जाऊ नकोस.

एक सांगतो. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. कॉम्प्युटर येण्याआधी सगळं लेजर हाताने. पहिल्याच आठवड्यात आमच्या हेडक्लार्कने मला शिकवलं होतं, चूक झाली तर खोडायचं कसं. रबर नाही, ब्लेड नाही, गिरवून काळं करायचं तर मुळीच नाही. चुकीच्या आकड्यावर एकच सरळ रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा आणि शेजारी सही. म्हणजे काय चुकलं, कोणी दुरुस्त केलं, हे दहा वर्षांनी तपासणीस आला तरी त्याला दिसलं पाहिजे. ज्या पानावर काळा गोळा दिसेल, तिथे आमचा तपासणीस आधी बोट ठेवायचा. त्याचं म्हणणं, चूक माणसाकडून होते, गोळा भीतीतून होतो.

रॉदचेन्कोच्या पानावर सगळे गोळेच. आणि तो घाबरलेला होता यात मला शंका नाही. घाबरायलाच हवं होतं. आपण इथे पंख्याखाली बसून त्याला नावं ठेवणार नाही.

त्यानंतरच्या त्याच्या दिवसांबद्दल थोडंसं. ज्याने चित्रकला संपली म्हणून जाहीर केलं होतं, तो १९३०च्या दशकाच्या मध्यावर पुन्हा चित्रं काढू लागला. काय काढलं? सर्कस. विदूषक, कसरती करणाऱ्या मुली, घोडे. थिएटरात वाढलेला मुलगा शेवटी तिथेच गेला. सर्कशीचे फोटोही काढले, मऊसर, धूसर, आधीच्या धारदार फोटोंशी काही नातं नसलेले. ते मासिकाच्या अंकासाठी होते, पण १९४१ साली युद्ध सुरू झालं आणि तो अंक निघालाच नाही. युद्धाच्या काळात, १९४३-४४ मध्ये, त्याने कागदावर रंगाचे थेंब आणि धारा उडवून काही चित्रं केली. अमेरिकेतल्या जॅक्सन पोलॉकची तशी मोठी प्रसिद्ध चित्रं त्यानंतरची. पण इकडे मॉस्कोत बघणार कोण? १९५०च्या सुरुवातीला कलाकारांच्या संघातून त्याचं नाव काढून टाकलं. नाव काढलं म्हणजे काम बंद. १९५३ साली स्तालिन वारला, मग परत घेतलं. ३ डिसेंबर १९५६ रोजी रॉदचेन्को गेला. पासष्टीला दोन दिवस कमी. दीड वर्षाने स्तेपानोवाही गेली.

आता आपल्या गोष्टीकडे येतो. सेक्रेटरीसाहेब, बसा, उठू नका.

स्मरणिकेसाठी समितीने माझ्याकडे पहिल्या व्यवस्थापक समितीचा फोटो मागितला. १९९९ चा, सोसायटीची नोंदणी झाली त्या दिवशी ए विंगच्या पायऱ्यांवर मी काढलेला. अकरा माणसं आहेत. फोटो पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी फोन आला. कोणाचा ते महत्त्वाचं नाही. "काका, डावीकडे टोकाला ते उभे आहेत ना, त्यांना जरा क्रॉप करता येईल का? उगाच जुना विषय नको."

'ते' कोण, हे जुन्या लोकांना माहीत आहे. आपले पहिले खजिनदार. हिशेबावरून वाद झाला, सभेत नको ते बोललं गेलं, प्रकरण उपनिबंधकांपर्यंत गेलं. त्यांनी राजीनामा दिला आणि पुढे फ्लॅट विकून गेले. त्या सभेत त्यांच्याविरुद्ध हात वर करणाऱ्यांत मी होतो. बँकेतला माणूस म्हणून माझ्या हाताला वजन होतं, हेही मला माहीत होतं. नंतर लेखापरीक्षण झालं, त्यात घोळ निघाला तो पावत्यांच्या नोंदीचा. एक रुपयाही कमी नव्हता. पण तोवर ते निघून गेले होते, आणि आपण त्यांना कळवलं नाही. मीही नाही. पहिल्या उन्हाळ्यात टँकर यायचा तेव्हा पहाटे चारला गेटवर उभे राहणारे तेच होते, हेही कोणाला आठवलं नाही.

फोन आला तेव्हा मी काय म्हणालो? "हो, बघतो." असंच म्हणालो. नातीला सांगितलं, तिने मोबाइलवर दोन सेकंदांत कापून दिला. दहा माणसं. छान दिसत होता फोटो. मग मी चष्मा लावून नीट पाहिला. डावीकडून आता पहिले जे उभे आहेत, त्यांच्या खांद्यावर एक हात आहे. चार बोटं आणि मनगटावरचं घड्याळ. हात कुणाचा ते फोटोत नाही.

नात म्हणाली, हातही काढता येईल, आता त्यालाही सॉफ्टवेअर आहे. म्हटलं, राहू दे.

तर समितीला मी अकरा जणांचा फोटो दिलाय. छापायचा की नाही, ते समितीने ठरवावं. छापला तर खाली डावीकडून उजवीकडे सगळी नावं द्यावीत, पहिल्या नावापासून. यादी मी टाइप करून ऑफिसात ठेवली आहे. आणि त्या वेळचा लेखापरीक्षण अहवाल ऑफिसच्या कपाटात, खालच्या कप्प्यात असावा. कोणाला शोधायचा असेल तर मी बरोबर बसतो.

चहा आलाय, थंड होईल.

ता. क. : स्मरणिका समितीने फोटो पूर्ण छापला आहे, त्याबद्दल आभार. खजिनदारांचा सध्याचा पत्ता किंवा फोन नंबर कोणाकडे असल्यास कृपया सोसायटी ऑफिसात द्यावा. या अंकाची एक प्रत त्यांना द्यायची आहे. पोस्टाने नको, मी स्वतः नेऊन देईन.